ब्रशाचं टोक

गेल्या दिवाळीच्या आधी मला शिशाची बाधा झाली. ते शिसं माझा मेहुणा सदाशिव याने दिलेल्या आवळ्याच्या चूर्णातून माझ्या पोटात गेलं, असं आमच्या सगळ्या नात्यात, मलकापुरात त्याच्या गल्लीत आणि इथे कोल्हापुरात आमच्या शेजारीपाजारी पसरलं आहे. ते खोटं आहे. शिसं माझ्याच हाताने माझ्या तोंडात गेलं. मला हे इस्पितळातल्या पाचव्या दिवशी कळलं आणि मी ते सांगितलं जवळजवळ महिन्याने. मधल्या महिन्यात जे झालं ते लिहून ठेवतो आहे. माझं वय चौऱ्याहत्तर. चार ओळी लिहिल्या की मनगट दुखतं, म्हणून तुकड्यातुकड्याने लिहिलं आहे. कुणाला आजारात उपयोग झाला तर बरंच, पण लिहिण्याचं कारण ते नाही.

फुटाला इंच

मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. म्हणजे साहेब लोकांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने उतरवून काढायचे, अक्षरं घालायची, पाण्याला निळा आणि जमिनीला पिवळा रंग भरायचा. बारीक रेघेसाठी ब्रशाचं टोक बारीक लागतं, आणि ते काढायची आमची सगळ्यांची एकच रीत होती. ब्रश ओठांत धरायचा, जिभेवर फिरवायचा, बाहेर काढायचा. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सहाही ट्रेसरांच्या ओठांवर निळी रेघ असायची. बायका घरी हसायच्या. तीस-बत्तीस वर्षं असं केलं, काही झालं नाही.

निवृत्तीनंतर नातीच्या बाहुलीसाठी एक पाट केला. खरा पाट असतो तसाच, फक्त फुटाला इंच या मापाने. सागवानी फळीचा तुकडा, खाली दोन पट्ट्या, वर लाल रंग आणि कडेने पांढरी वेलबुट्टी. नात सई तेव्हा पाच वर्षांची होती. तिने तो तळहातावर घेतला आणि त्यावर आपलं एक बोट बसवलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. चौरंग झाला, मांडणी झाली, फडताळ झालं. मग मी ठरवलं की सुटं सुटं करण्यापेक्षा सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या माहेरचं माजघर जसंच्या तसं करायचं. मलकापूरचं ते जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं झालं त्याला बरीच वर्षं झाली. सामान निम्मं गेलं, निम्मं सदाशिवच्या माळ्यावर पडून होतं.

सदाशिव सुमनचा धाकटा भाऊ. दोन म्हशी, थोडा ऊस, परड्यात दोन आवळ्याची झाडं. आवळा वाळवून, कुटून तो चूर्ण करायचा आणि गल्लीत ज्याचं पोट बिघडलेलं असेल त्याला पुडी बांधून द्यायचा. महिन्यातून एकदा कोल्हापूरला यायचा तेव्हा माळ्यावरच्या एखाद्या वस्तूची मापं घेऊन यायचा. खिशात मापांची चिठ्ठी, पिशवीत चूर्ण.

"दाजी, ह्ये चौरंगाचं आणि ह्ये तुमच्या प्वाटाचं," असं म्हणून दोन्ही माझ्यासमोर ठेवायचा.

आता रंगाचं सांगतो. डब्यातला तयार रंग एवढ्या लहान वस्तूवर जाड बसतो, नक्षी बुजते. मी भुकटी रंग डिंकाच्या पाण्यात खलून वापरायचो. शिवाजी पेठेतल्या माझ्या एका मित्राने रंगाचं दुकान बंद केलं तेव्हा त्याच्याकडे जुन्या भुकट्यांचे डबे उरले होते. शेंदूर, सफेदा, पिवळा. ते मी आनंदाने घरी आणले. तो शेंदूर असा काही लागायचा की पाट नुकताच पूजेतून उठवल्यासारखा दिसायचा. ब्रशाचं टोक ओठांनी काढताना तोंडाला गोडसर चव यायची. मला वाटायचं डिंकाची.

सईही माझ्या शेजारी बसून छोटे पाट रंगवायची. तिलाही टोक काढायला मीच शिकवलं. ती सुरुवातीला ब्रश नुसताच ओठांना लावायची, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "असं नाही, जिभेवर फिरव."

निदान

गणपतीनंतर पोटात कळा येऊ लागल्या. शौचाला होईना. अन्न नको वाटायचं, जिना चढला की धाप लागायची, चिडचिड एवढी की सुमन माझ्याशी कामापुरतंच बोलायची. एकाने गॅस म्हटलं, एकाने आतड्यात बघितलं. उजव्या हाताची बोटं वर उचलेनात तेव्हा मुलाने, प्रशांतने, मोठ्या इस्पितळात दाखल केलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी माझा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. परत बॅटरी लावून हिरड्यांच्या कडेची निळसर रेघ बघितली. मग रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं.

चौथ्या दिवशी अहवाल आला. बाई खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की घरच्यांचे चेहरे कसे होतात ते मी तेव्हा पाहिलं. रक्तात शिसं फार आहे, त्याला उतारा आहे, पण ते येतंय कुठून हे सापडलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आणि विचारू लागल्या.

"बॅटरीचं काम करता?"

"नाही."

"भांड्यांना कल्हई?"

"आता कोण करतो."

"रंगकाम?"

"नाही," मी म्हणालो.

इथे मला स्वतःची बाजू घ्यायची नाही, पण त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो. रंगकाम म्हणजे शिडी आणि भिंत. मी तर ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, पाटांवर वेलबुट्टी काढणारा. ते काम मला रंगकाम वाटलंच नाही.

"काही गावठी औषध? भस्म, चूर्ण?"

मी बोलायच्या आत सुमन म्हणाली, "माझा भाऊ देतो."

बाई म्हणाल्या, काही औषधांत असू शकतं, आणून द्या, तपासायला पाठवू. प्रशांतने तिथूनच घरी फोन लावला. तो सूनबाईंना काय म्हणाला ते मी ऐकलं. "ते चूर्ण सईच्या हाताला लागेल असं ठेवू नकोस." संध्याकाळी सुमन घरी गेली ती एवढी घाबरलेली होती की तिने बरणी मोरीत उपडी केली आणि वरून तीन बादल्या पाणी ओतलं. तपासायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई नुसतं "अरेरे" म्हणाल्या.

वॉर्ड

सकाळी सहाला वजन. मग लघवी मोजायचा पिवळा कॅन, त्यावर माझं नाव. दिवसभराची सगळी त्यात जमा करायची. सलाइनमधून औषध आणि वर कॅप्सूल. त्या कॅप्सूलला सडक्या अंड्यासारखा वास होता. गिळल्यावर तासभर आपलाच श्वास नको वाटायचा. सुमन पदर नाकाला न लावता बसायची, हे मला दिसत होतं.

शेजारच्या खाटेवर गगनबावड्याचे एक म्हातारे होते, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. पायाला सूज होती. त्यांना सगळे आण्णा म्हणत. अहवाल आला त्याच संध्याकाळी त्यांनी कुशीवर वळून विचारलं, "पावणं, तुमाला काय झालंय?"

"शिसं झालंय अंगात."

"बंदुकीचं?"

"नाही हो. पोटातनं गेलंय."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाळंत पेन्सिली खाल्लासा काय?"

मी हसलो आणि पोटात कळ आली. त्या आठवड्यात मी हसलो तो तेवढाच.

दोरा

पाचव्या दिवशी सकाळी सुमन माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. सुईत दोरा जाईना. तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, दोन बोटांनी पिळलं आणि ओवलं.

मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो.

मला एकदम काही कळलं असं नाही. आधी फक्त तोंडात ती गोडसर चव आठवली. मग शेंदराचा डबा. मग ऑफिसातले निळे ओठ. आणि मग सई, मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून ब्रश फिरवणारी.

"काय झालं?" सुमनने विचारलं.

"काही नाही. कळ आली."

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे. तेव्हा का बोललो नाही? मनात असं चाललं होतं की बोललो तर सईची तपासणी होणार, तिच्या रक्तात निघालं तर ते मी घातलेलं असणार. प्रशांत आणि सूनबाई माझ्याकडे कसे बघतील? न बोललो तर काय होईल? मी घरी नाही तोवर ती रंगाला हात लावणार नाही, घरी गेल्यावर डबे गुपचूप फेकून देईन, म्हणजे झालं. आणि चूर्ण तर मोरीत गेलंच होतं. ते खरं की खोटं, आता कुणी सिद्ध करू शकत नव्हतं. हा विचार मनात आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं हे मी नाकारत नाही.

भेटायची वेळ

सुमन दुपारी जेवायला घरी गेली. चारला भेटायची वेळ सुरू झाली आणि सदाशिव आला. मलकापुरातून एसटीने आला होता. दाराच्या काचेतून मला त्याची टोपी आणि हातातली शहाळी दिसली. प्रशांतने त्याला दाराबाहेरच थांबवलं.

प्रशांत वाईट नाही. चार दिवस झोपलेला नव्हता. पण तो मामाला जे बोलला ते मला आत ऐकू येत होतं.

"मामा, तुम्ही डॉक्टर आहात काय? कुणी सांगितलं होतं तुम्हाला औषध द्यायला?"

"आवळाच हाय रं त्यो. मी सोता खातो."

"तुम्ही खा की मग. माझ्या बापाला कशाला घातलं? सगळ्यांना फोन करून सांगितलंय मी, ह्यांचं काही घेऊ नका म्हणून."

मग पावलं आत आली. मी डोळे मिटून घेतले.

सदाशिव खाटेशी उभा राहिला. म्हशीचा, पेंडीचा, एसटीचा असा त्याचा नेहमीचा वास आला.

"दाजी," तो हळू म्हणाला. "माझ्या चूर्णानं झालं व्हय?"

मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. तो किती वेळ उभा होता मला माहीत नाही. मग तो गेला. शहाळीही घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आण्णांच्या मुलाने खालून शहाळं फोडून आणलं. आण्णांनी अर्धं पाणी माझ्या पेल्यात ओतलं.

"घ्या पावणं. काल एका पावण्यानं दिलंय."

मी प्यालो. इतक्या दिवसांत तोंडाला चव आली ती त्या पाण्याने.

घरी

पंधरा दिवसांनी घरी आलो. आकडा निम्म्यावर आला होता. बोटं उचलायला लागली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, चूर्ण बंद केल्याचा फायदा दिसतोय. मी मान हलवली. रंगाला तर इस्पितळात हातच लागला नव्हता.

पहिलं काम म्हणजे भुकट्यांचे डबे गोणत्यात घालून माळ्यावर टाकले. फेकून दिले असते तर सुमनने विचारलं असतं. सईला सांगितलं की आजोबांना आता बसवत नाही, आपण उन्हाळ्यात परत करू. ती बरं म्हणाली. ती लहानपणापासून फार हट्ट न करणारी. त्या वर्षी तिचे मार्क कमी झाले होते, पोट दुखतं म्हणून शाळा चुकवायची, म्हणून तिला क्लास लावला होता आणि मीही तिला एकदा रागावलो होतो.

भाऊबीज आली. सदाशिव दर वर्षी येतो, त्याच्याशिवाय सुमनने कधी ताट केलेलं नाही. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. सुमन म्हणाली, "यंदा येऊ नकोस सदा." पलीकडून तो काय म्हणाला ते कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बघू पुढं." फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि कुणी न सांगता सगळी भांडी पुन्हा घासायला काढली.

तेव्हाही मी गप्प होतो. मनात म्हणत होतो, थोडी ताकद येऊ दे. आजारी माणसाला असं म्हणायला परवानगी असते, आणि त्या परवानगीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

सईचा पाट

आठवड्याभराने, दुपारची गोष्ट. सई शाळेतून लवकर आली होती. मी पडलो होतो, ती खिडकीशी पाठमोरी बसली होती. अभ्यास करते आहे असं वाटलं. उठून पाणी प्यायला गेलो तर तिच्यासमोर कंपासपेटी उघडी. पेटीत बाटलीची दोन झाकणं, एकात शेंदूर, एकात सफेदा. मी इस्पितळात जायच्या आधीच तिने ते डब्यांतून काढून ठेवलं होतं. हातात इंचभराचा पाट.

"बघू नका," ती म्हणाली, "तुमच्यासाठी आहे. तुम्ही बरे झालात म्हणून."

आणि ब्रश तोंडात घालून, जिभेवर फिरवून, बाहेर काढून तिने तो उजेडात धरला.

"बघा आजोबा, टोक कसलं बारीक आलं."

मी तिच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला. आयुष्यात तिच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. ती रडायला लागली, सुमन आतून धावत आली. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दोऱ्यापासून.

सुमनने सईला चूळ भरायला लावली, हात धुतले, तोंड धुतलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं ती सईबद्दल बोलेल.

"माझ्या हातानं ओतलं मी ते," ती म्हणाली. "तीन बादल्या पाणी घातलं वर."

त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तपासणी

डॉक्टरबाईंना सांगायला मी स्वतः गेलो. प्रशांत सोबत होता, पण गाडीत मागे बसा म्हणाला. बाईंनी ऐकून घेतलं. जुना शेंदूर आणि सफेदा शिशापासूनच केलेले असतात, असं त्या म्हणाल्या.

"मी रंगकाम विचारलं होतं."

"मला वाटलं, मी काही रंगारी नव्हे."

त्या थोडा वेळ पेनचं टोपण काढत-घालत होत्या. "ब्रश तोंडात घालता का, हे विचारायला मला सुचलं नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत मला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी सूट होती, आणि तिला मी लायक नव्हतो.

सईच्या रक्तात निघालं. माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. औषध लागणार नाही, रंग बंद, खाणंपिणं नीट, दर काही महिन्यांनी रक्त. आता दोनदा तपासून झालं आहे, दोन्ही वेळा आकडा खाली आला. मार्क कमी झाले ते यानेच का, असं सूनबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. ते कधीच कुणाला सांगता येणार नाही. सूनबाई मला जेवायला वाढतात, पण वाढताना ताटाकडे बघतात.

डबे डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे नीट बांधून घराबाहेर काढले. माझी खोली तीनदा ओल्या फडक्याने पुसली. दुकानवाल्या मित्राला कळवलं. तो बिचारा आठ दिवस रोज फोन करून विचारत होता. त्याचा काय दोष? डब्यावर ब्रश चाटा असं लिहिलेलं नव्हतं.

ज्यांच्या घरी कुणी असा छंद करतं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जुनी भुकटी कशाची आहे ते माहीत नसेल तर वापरू नका. ब्रश, सुई, दोरा, काही तोंडात घालू नका, पोरांसमोर तर नाहीच. आणि डॉक्टरांनी विचारलं की रिकाम्या वेळात काय करता, तर सगळं सांगा, ते कितीही किरकोळ वाटो.

मलकापूर

हे फोनवर नाही, तोंडावर सांगायचं, असं सुमन म्हणाली होती, आणि मला प्रवास झेपायला थंडी संपत आली. मग ती आणि मी मलकापूरला गेलो. प्रशांत गाडीने सोडतो म्हणाला. सुमन म्हणाली, "तू नंतर तुझा जा. तुझं तू बोल." रत्नागिरी रस्त्याने एसटीत दीड तास आम्ही शेजारी बसलो होतो, खिडकीतून बघत.

सदाशिव परड्यात आवळे फोडत होता. आम्हाला बघून उठला नाही, पण पाटीतले आवळे बाजूला सारून जागा केली.

"बसा दाजी. तब्येत काय म्हनती?"

मी सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत. बी वेगळी, फोड वेगळी.

"मला ठावं हुतं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"चूर्णात काय न्हाय त्ये. मीच कुटलंय, मीच खाल्लंय." त्याने एक बी लांब फेकली. "आनि तुमी झोपला न्हवतासा त्ये बी. पापन्या हालत हुत्या की."



"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मानूस सलाइन लावून पडलाय. उठवून भांडू व्हय त्येच्यासंगं?"

सुमन चुलीकडच्या दारात बसली होती. ती म्हणाली, "सदा, चहा तरी दे की रे."

"देतो की आक्का. चूर्ण घालू काय त्यात?"

सुमन हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सदाशिव तिच्याजवळ गेला नाही. तो आत जाऊन चहा घेऊन आला आणि तिच्या हातात कप देऊन परत आवळ्यांपाशी बसला.

"दाजी, मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. परशांतनं फोनावर फोन केलं. गल्लीत म्हनत्यात, ह्येनं सोताच्या दाजीला इख घातलं. म्हातारी मानसं पुडी न्यायची, आता न्हेत न्हाईत. दारावरनं जाताना मान फिरवत्यात." तो आवळा हातात फिरवत राहिला. "तुमचं अक्षर छापल्यागत हाय. लिव्हून द्या. मी चावडीवर वाचून घेतो."

निघताना मी त्याच्या खिशाकडे बघत होतो. माजघरातलं सगळं झालं आहे, एक दुभत्याचं कपाट सोडून. सुमनची आई त्यात दूध, दही, लोणी ठेवायची. त्याची मापं तो आणणार होता. मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.

दुरुस्ती

वर आहे ते सगळं मी ट्रेसिंगच्या अक्षरात लिहून मलकापूरला पाठवलं. आधी घरात वाचून दाखवलं. प्रशांत मधेच उठून गॅलरीत गेला. संध्याकाळी त्याने एकेकाला फोन लावले. मी दार लावून घेतलं, ते त्याचं बोलणं होतं.

आठ दिवसांनी सदाशिवचा फोन आला.

"वाचलं. समद्यांस्नी वाचून दावलं."

"बरं केलंस."

"एक चुकलंय."

"काय?"

"तुमी लिवलंय, शहाळी घेऊन गेला. मी न्हाय न्हेली. मलकापुरास्न दोन शहाळी वागवत आनलेली, परत न्हेतोय व्हय? तुमच्या शेजारी म्हातारं हुतं सुजल्या पायाचं, त्येच्याजवळ दिली. म्हनलं, ह्ये दाजी उठलं की ह्येंस्नी बी पाजा, पर माझं नाव सांगू नका. न्हाय तर प्यायचं न्हाईत." तो थांबला. "डोळं मिटल्यावर दिसंल कसं?"

त्या पाण्याची चव मला अजून आठवत होती. मजकूर मी वर होता तसाच ठेवला आहे, आणि त्याची दुरुस्ती ही अशी इथे करतो आहे.

"दाजी, हाय न्हवं?"

"आहे."

"मग लिव्हून घ्या. दुभत्याचं कपाट. उंची साडेचार फूट. रुंदी अडीच. खोली दीड. दारं दोन, जाळीची."

मी सईची पेन्सिल ओढली आणि लिहायला लागलो. साडेचार इंच. अडीच. दीड.

"आनि डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात जाळी फाटल्याली हाय. मांजरानं. आई कायम म्हनायची, बदलून घेऊ. ती तशीच करा."

तेही मी लिहून घेतलं.